बायबलात पहिली

११ सप्टेंबर १९६१

मिशन ट्रेनिंग कॉलेजच्या एस्तेरबाईंनी आज पुन्हा मला ‘जमना’ म्हटलं. माझं नाव जमनी. हजेरीत जमनी, सातवीच्या फायनलच्या दाखल्यावरही जमनीच. तसं सांगितलं तर हसल्या. “जमना म्हणायला गोड वाटतं गं.” — गोड! नाव बदलायला इथूनच सुरुवात करत असतील. आज जमना, उद्या मेरी. तांड्यातून निघताना नायकाने बजावलं होतं, “त्याइचं ट्रेनिंग घेजो, धरम घेजो नोको.” मी डोळे उघडे ठेवून आहे.

१४ सप्टेंबर

खोलीत आम्ही दोघी. दुसरी हुस्नाबी, पुसदची. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दर आठवड्याला घरी पत्र लिहिते, पानंच्या पानं. इथे रोज तेच वरण, तेच वर्ग. मग एवढं लिहिते काय? अन् मी आत आले की कागद पालथा!

पुसदहून उमरखेड काही लांब नाही. फुलसिंगचा तांडा त्याच बाजूला. जपून राहायला हवं.

२२ सप्टेंबर

झोप येत नाही तर स्पष्ट लिहून टाकते. फुलसिंगशी माझा गूळ खाऊन झाला आहे. म्हणजे ठरलं, आमच्यात गूळ खाल्ला की शब्द पक्का. जी बाजू मोडेल तिला पंचायतीचा दंड, वर नाक कापलं जातं ते वेगळंच. लग्न होळीनंतर. ट्रेनिंग दोन वर्षांचं. अर्ध्या मास्तरणीला कोण ठेवून घेतं? तांड्यात शाळा निघणार आहे, आणि तिथे फळ्यापुढे मला उभं राहायचं आहे, दुसऱ्या कोणी नाही.

फुलसिंग म्हणे कुणाला तरी म्हणाला, दुसरं वर्षही पुरं करू देईन. म्हणे! कुणी ऐकलं? त्याच्या बापाचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं — “शिकू द्या. सून तं वावरातच लागते.”

दसऱ्याआधी घरी गेले की याडीशी, आईशी, बोलेन. पण तिच्याशी बोलून काय होणार? बापापुढे ती कधी तोंड उघडत नाही.

१६ ऑक्टोबर

बोलले याडीशी. ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “जाय, झोप.” झालं! आईच अशी असली म्हणजे कुणाकडे बघावं माणसाने?

३० ऑक्टोबर

आज पहिला पाठ. दुसरीचा वर्ग, विषय ‘आपली विहीर’. रात्रभर टाचण काढलं होतं. एस्तेरबाई मागच्या बाकावर बसून लिहीत होत्या. त्या काय लिहितात याकडेच माझं लक्ष, आणि पोरं भांडायला लागली. एका पोराने दुसऱ्याची टोपी खिडकीबाहेर टाकली. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, “तू वर्गाला शिकवत नव्हतीस, माझ्यावर पहारा देत होतीस.”

मलाही राग आला. विचारूनच टाकलं, बाई, तुम्ही मला बाटवणार का?

त्या चष्मा पुसत राहिल्या. “अगं, आधी तुझी फळ्यावरची ओळ सरळ येऊ दे. मग बघू.”

मनातलं बोलल्या की टाळलं? कळलं नाही. ओळ मात्र खरंच वाकडी होती.

२० नोव्हेंबर

हुस्नाबीने दिवाळीचा फराळ मागून खाल्ला आणि मला तिच्या घरची शेवई दिली. मी घेतली. चांगली होती. एवढं गोड वागायचं कारण काय असावं?

१२ डिसेंबर

बायबलाच्या पेपराचा निकाल. हा तास सगळ्यांनाच करावा लागतो, जात-धर्म काही असो. मी पहिली! हुस्नाबी दुसरी. त्यांच्या स्वतःच्या पोरी आमच्या मागे. एस्तेरबाई हसत सुटल्या. “बंजारीण पहिली अन् मुसलमानीण दुसरी! अगं पोरींनो, तुम्ही चर्चमध्ये काय झोपा काढता?” मला त्यात विशेष काही वाटत नाही. आमच्याकडे लग्नातली गाणी बायका रात्र रात्र म्हणतात, एकही कागदावर नाही. ती ज्या डोक्यात राहिली त्या डोक्यात हे का राहू नये?

बक्षीस मिळालं लाल कडांचं पुस्तक. पेटीत तळाशी ठेवलं. हे तांड्यात कळलं तर संपलंच सगळं.

१७ डिसेंबर

याडी आली, छोट्या गाडीने, दारव्ह्याहून. सोबत भाकरी आणि तीळ-लसणाची चटणी. तिला बक्षिसाचं सांगितलं. का सांगितलं? कुणाला तरी सांगायचंच होतं. ती आमच्या बोलीत दोनदोनदा विचारत राहिली. पहिली? त्यांच्या पोरींच्याही पुढे? मी म्हटलं, हो गं, पण बोलू नको कुठे. तिने माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं. किती दिवसांनी धरलं असेल!

इथे आम्हाला पांढरं नेसावं लागतं, म्हणून माझा फेटिया नि कांचळी, आमची घागरा-चोळी, तिच्याबरोबर परत पाठवली. ती गाडीत चढली तेव्हा मला वाटलं, बिचारीला यातलं काही समजत नाही तेच बरं.

२१ जानेवारी १९६२

बाप आला होता.

फाटकाच्या आत आला नाही. पाणी दिलं तर तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, “तू त्याइच्या धरमात पयली आली म्हनते. पांढरं नेसते म्हनते. तुही माय माहेरी गेलती, तिथं चारचौघांत तिले ऐका लागलं. फुलसिंगच्या गावचीच बाई होती तिथं.”

मी सांगत राहिले, तो पेपर होता बा, नुसता पेपर, गणिताचा असतो तसा. तो म्हणाला, “गनितात कोनी हात जोडते का?” प्रार्थनेला आम्ही सगळ्याच हात जोडून उभ्या असतो.

“होळी होईपर्यंत पायतो. खरं निघालं तं हात धरून नेईन.”

तो गेल्यावर विचार करत बसले. पहिली आले हे बाहेरच्या कुणाला माहीत? याडीला. ती तर स्वतःच तिथे ऐकून खाली मान घालून आली असेल. मग राहिली कोण? पुसदला पत्रं लिहिणारी. मला हे आधीच कळायला हवं होतं.

२२ जानेवारी

विचारलंच तिला. तोंडावर.

“मैं कायकू बोलूँगी जमनी? मैं भी तो दूसरी आई. मेरे अब्बा कू मालूम हुआ तो मेरा बी बिस्तर बांधना पडेगा.”

म्हटलं, मग त्या पत्रांत काय असतं?

ती रडायला लागली. खरं असतं तर रडली कशाला असती?

२५ जानेवारी

एस्तेरबाईंकडे गेले. म्हटलं, एकतर तिला दुसरी खोली द्या, नाही तर मला. बाईंनी विचारलं, “खात्री आहे तुझी?” मी हो म्हटलं. हुस्नाबी संध्याकाळी ट्रंक उचलून गेली. शेवईचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. नेऊन देणार नाही.

८ फेब्रुवारी

एकटीच खोलीत. पाठ चांगले होत आहेत, बाईंनी आज पहिल्यांदा ‘छान’ म्हटलं. ते ऐकूनही आधी मनात आलं, का बरं म्हटलं असेल? माझीच मला चीड आली.

२६ फेब्रुवारी

बाप पुन्हा फाटकाशी. या वेळी ओरडला नाही, तेच भयंकर.

“मोडला गूळ. त्याइनंच मोडला. म्हने बाटलेली पोरगी आमाले नोको.” मग म्हणाला, “आता तुले कोन करन? राह्य इथंच. शीक, नाही तं काय वाट्टेल ते कर.”

सांगून टाकते, इथे कोण बघतंय — रडू यायला हवं होतं, आलं नाही. बाप पाठमोरा चालत होता, मान इतकी खाली की फेटा दिसत नव्हता, आणि माझ्या मनात काय? दुसरं वर्ष! दुसरं वर्ष मिळालं! लाज वाटते. पण खरं तेच.

हुस्नाबीला मात्र माफ करणार नाही. तिच्या चहाडीने माझं भलं झालं म्हणून चहाडी थोडीच पुण्य होते? मेसमध्ये ती समोर आली, मी ताट घेऊन उठले.

१६ मार्च

याडी आली. हुस्नाबीला कशी हाकलली ते मी तिला ऐटीत सांगितलं. ती दचकली. आमच्या बोलीत म्हणाली ते मराठीत लिहिते. “त्या पोरीनं काय केलं वं? म्याच सांगतलं. माहेरी फुलसिंगच्या गावची बाई पाहून सांगतलं, का माही जमनी त्याइच्या पोथीत पयली आली. आपन मोडला असता तं तुह्या बापानं मान कोठं वर केली असती? म्हून त्याइले मोडाले लावला.”

पंचायतीत तिला विचारलं, पोरगी बाटली का? तिने सर्वांसमोर हो म्हटलं.

जाताना म्हणाली, “दुसरं वर्स पुरं कर. अन् खरंच बाटली तं याद राखजो.”

होळीला चार दिवस आहेत. आमच्या तांड्यात बायकांची लेंगी, होळीचं गाणं, दरवर्षी तीच उचलते. यंदा तिला गोलात घेणार नाहीत.