वीतभर छज्जा

१६ जानेवारी २००८, मालवण

आज साहेबांच्या केबिनमध्ये माझा छज्जा कापला गेला. नव्या रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डाला समुद्राच्या अंगाने मी चांगला रुंद छज्जा काढला होता, खाली माणूस छत्री न उघडता उभा राहील असा. सल्लागार पुण्याचे, भारी गोड बोलणारे. "मॅडम, छज्ज्याला गुण नाहीत. माणूस नसला की आपोआप विझणाऱ्या दिव्यांना आहेत." हरित मानांकन हवंच आहे, आसपासची पहिली सरकारी इमारत वगैरे. मग दिव्यांचे पैसे कुठून आणायचे? छज्ज्यातून. उरला वीतभर.

म्हटलं, साहेब, इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. साहेब हसले. "पाऊस आम्हीही बघितलाय." साहेब सोलापूरचे.

राग मानांकनाचा नाही. चिऱ्याच्या भिंती, उंच छत, आरपार वारा हे सगळं मीच मांडलं होतं, हौसेने. राग याचा की

जाऊ दे. सही करून आले.

१२ फेब्रुवारी २००९

उद्घाटन. मंडप, हार, भाषणं. गुरवाने देव रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, सगळं नीट होऊ दे म्हणून, ते भाषणांपेक्षा नेमकं होतं. इंजिनिअर बाई कुठे आहेत असं कोणी विचारलं नाही, बरंच झालं, मी मागे चहा घेत होते.

संध्याकाळी वॉर्डात डोकावले. पंखे बंद, तरी गार. परब सिस्टर वॉर्डाच्या इनचार्ज, कोणाचं कौतुक करण्यातल्या नव्हेत. म्हणाल्या, "मॅडम, हयसर पोरां झोपतत. जुन्या वॉर्डात घामान रडत ऱ्हवायची." मला फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं.

११ जून २००९

झालं. रात्रभर झड आत. वाऱ्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांतून पाणी थेट खाटांवर. समुद्राकडची रांग उचलून पॅसेजमध्ये, जमिनीवर गाद्या. दिव्यांची तऱ्हा आणखी वेगळी. बाळंतीण हलली नाही की दिवा विझतो. परब सिस्टर खाटांमधून हात हलवत फिरतात, आरती ओवाळल्यासारख्या.

एका पेशंटची सासू, मासळी विकणारी, मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "कपाळ केलंस गो बाय, भुवयो खंय?"

काय सांगणार. कापल्या, म्हणून?

१४ जून

त्याच सासूचा मुलगा आज झाप घेऊन आला. माडाच्या झावळ्यांचे, घरी विणलेले, डोक्यावर भारा. कोणाला विचारलं नाही, सरळ शिडी लावली. मी म्हटलं, अहो, परवानगी... तर वरूनच म्हणाला, "होडी वर काढलली आसा, माका काम नाय. बायल भिजता. ह्यां बघत रवाचा काय?" त्याला बघून आणखी दोघे गेले, आपापल्या परड्यातले झाप घेऊन आले. संध्याकाळपर्यंत अख्खी बाजू झाकली.

आत अंधार, ओल्या झावळीचा वास, पण खाटा कोरड्या. लाज वाटली. सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं कोण जाणे.

२७ जुलै

परवा मानांकनाचे परीक्षक येणार. साहेबांचा फोन, "ते झाप आधी काढा. झोपडपट्टी दिसते." परब सिस्टरना सांगितलं. त्या औषधं मोजत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "काढा. मगे बाळंतिणी तुमच्या ऑफिसात निजयतंय."

त्यांचं बरोबर. पण माझीही गोची. रुग्णालयाच्या दुसऱ्या टप्प्याच्या प्रस्तावात मी पूर्ण छज्जा परत घातलाय, आणि दुसऱ्या टप्प्याचा निधी मानांकन मिळालं तरच. म्हणजे या पावसात भिजवा, पुढच्या पावसात वाचवा. हिशोब सरळ आहे. कोयता घेऊन गेले. गडी मिळेना म्हणून स्वतःच.

पहिल्याच झापाखाली एक मुलगी पाजत बसली होती. माझ्या हातातल्या कोयत्याकडे बघितलं, बाळावरची गोधडी तेवढी सारखी केली. परत आले.

२९ जुलै

परीक्षक तरुण, सालस. पावसात बूट भिजले तरी कुरकुर नाही. साहेब मला डोळ्यांनी दटावत होते. परीक्षकाने झापाला हात लावला. "हे काय?"

मी ठरवूनच गेले होते. "पाऊस आत येतो म्हणून बांधलेत."

"वा. स्थानिक, नैसर्गिक, विजेचा प्रश्नच नाही." फोटो, आणखी फोटो.

पुन्हा सांगितलं, "चूक झालीय आमची. ती झाकायला बांधलेत." साहेब मध्ये पडले, "मॅडम फार विनयशील आहेत." दोघे हसले. दुपारी सुरमईची थाळी. मी जेवले नाही. भूक होती.

८ डिसेंबर

मानांकन मिळालं. 'पारंपरिक तंत्राचा नावीन्यपूर्ण वापर', झापांना जादा गुण. पितळी पाटी आली, दारात लावली. साहेबांचा सत्कार, मलाही शाल. सगळे एकच विचारतात, मग, फायदा झाला ना? झाला की. विजेचं बिल कमी आलं. झाप असूनही मोठ्या झडीत निम्मी रांग रिकामीच ठेवावी लागायची, दिवे लागणार कोणासाठी?

खरा फायदा ऑक्टोबरच्या उन्हात होता. वॉर्ड गार, पोरं झोपलेली. तो मोजायला कोणी आलं नाही.

१७ मार्च २०१०

दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव परत आला. ओपीडी मंजूर. छज्जा नामंजूर. शेरा: मानांकित वैशिष्ट्यात बदल करू नये.

तीनदा वाचला. झाप आता वैशिष्ट्य आहे. झाप दिवाळीलाच कुजून गळून पडले, वैशिष्ट्य तेवढं कागदावर टिकलं. नवे घ्यायला गेले तर आमचे हिशेबनीस म्हणतात, "झाप कुठल्या खर्चात टाकू? तरतूदच नाही." हसू येईना. नुसतं डोकं दुखलं.

२ मे, सावंतवाडी

घरी. धाकटा भाऊ सुहास, त्याची बायको मेधा, जूनमध्ये दिवस भरतील. मी गृहीतच धरलं होतं, आमच्याकडे. सुहास टीव्हीकडे बघत म्हणाला, "ताई, तुझ्या हॉस्पिटलात नको. गोव्याक न्हेतंय."

आई स्वयंपाकघरात हळूच, "तुका राग इलो काय गो?"

नाही म्हटलं. राग कसला, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तेच लागलं मनाला. रात्री जेवण गोड लागलं नाही.

१९ मे

आदेश आला. मिरगापासून दसऱ्यापर्यंत बाळंतिणींचा वॉर्ड बंद. पेशंट इतरत्र पाठवावेत. कारण, इमारतीची ओलीपासून हानी होते. इमारतीची!

परब सिस्टर एवढंच म्हणाल्या, "कळा सुरू झालेली बाई त्या खड्ड्यांतून कुडाळापर्यंत न्हेवची?"

२५ मे

कट्टा गावाहून फिटर बोलावला. लोखंडी अँगल, वर पत्रे. छज्जा नव्हे, छज्ज्याची सोय. ओल आत आलीच नाही तर वॉर्ड बंद कशासाठी? पैशाचं मी बघते म्हटलं. आदेश नाही, मंजुरी नाही. साहेबांचा फोन, "मानांकन गेलं तर जबाबदार तुम्ही."

"लेखी द्या."

फोन ठेवला त्यांनी. माझा आवाज नीट होता. भीती वाटते. नोकरी जाईल असं नाही, बदली होईल. कुठेतरी कोरड्या मुलखात.

२९ मे, शनिवार

निम्मी बाजू झाकली. दिसतं कुरूप, पाटीच्या शेजारी तर फारच. परब सिस्टर बादलीने पाणी मारून बघत होत्या. झाकलेल्या भागात आत आलं नाही. उघड्यात आलं.

दुपारी शिपाई खात्याचा लखोटा देऊन गेला. काय असणार ते ठाऊक आहे. काम थांबवा.

थोड्या वेळाने मेधाचा फोन, दबक्या आवाजात. "ताई, ह्यांका सांगा नको. माका गोव्याक जावचा नाय, लांब पडता. तुमच्याकडेच येतंय. पाऊस आत येवचो नाय मा?"

मी उरलेले पत्रे मोजले. ती हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी म्हटलं, ये.

फिटरला विचारलं, उद्या रविवार, येशील? त्याने टेबलावरच्या लखोट्याकडे बघितलं. "त्येच्यात काय आसा, मॅडम?"

म्हटलं, सोमवारी फोडेन.