हिऱ्याचे दात

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा तुटले! धाकटा आणि त्याचे सोबती खाणीत अडकलेत. हवा-पाणी पोचवायला वरून भोक पाडायचं, आणि ड्रिलच्या टोकाला बसवलेल्या बिटाचे दात टिकत नाहीत. दात आमच्याच कारखान्याचे – कार्बाइडचा बुंधा, त्यावर कृत्रिम हिऱ्याचा थर. तपासून पास करणारी मी. त्याची सख्खी बहीण.

साहेब म्हणाले, "तू रजा घे." रजा घेऊन काय करू? भिंतीकडे बघत बसू?

बुधवार, ५ मार्च

पहिल्या दिवशी खालून ठकठक ऐकू आली होती. आता खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपांच्या गोंगाटात काहीच कळत नाही.

भावजय खाणीच्या फाटकाशी बसून असते. चहा नेला तर म्हणाली, "ताई, हिऱ्यापेक्षा कठीण काही नसतं, असं तुम्हीच सांगायचात ना?"

सांगायचे. कठीण म्हणजे न तुटणारं नव्हे, हे सांगायचं राहिलं.

गुरुवार, ६ मार्च

तुटलेले दात भिंगाखाली घेतले. झिजलेला एकही नाही. सगळ्यांचे टवके उडालेत. भेगांमध्ये खोलवर वाळलेला चिखल – म्हणजे भेग आधीची, तुटणं नंतरचं. हे एका घावाचं काम नाही. छोटे छोटे घाव, परत परत.

आमच्या यंत्राखाली चांगल्या दातावर तसेच हलके घाव घालत बसले. काही नाही. काहीच नाही. मग टक्! – कपची उडाली. धाकटा म्हणायचा, "आमची ताई वस्तू फोडायचा पगार घेते."

म्हणतो. म्हणतो! "म्हणायचा" काय लिहितेय मी!

पण घाव येतात कुठून? नुसतं फिरून दगड खरवडणाऱ्या बिटाला असे घाव बसत नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च

खाणीवर गेले. ड्रिल चालवणारे मामा – सगळ्यांचेच मामा. नवा पाइप जोडला की ते बिट जरा उचलतात आणि तळाच्या दगडावर आपटतात. ठण्, ठण्, ठण्! मगच फिरवायला घेतात.

"मामा, हे काय?"

"खाली ऐकू जावं म्हणून. कोणीतरी येतंय एवढं कळलं की माणूस तग धरतो."

"दात यानेच तुटतायत!"

"फारच नाजूक बुवा तुमचा हिरा. अंगठीत बसवा, ताई." मग त्यांचं हसू ओसरलं. "खरंच बंद करू? ड्रिलची घरघर एवढ्या खाली पोचत नाही. ठोका तेवढा पोचतो."

भावजय कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "नका हो बंद करू. त्याला अंधारात तेवढाच आधार."

पण भोकच पोचलं नाही तर नुसत्या आधाराने काय होणार? मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. तीही.

"बंद करा," मी म्हणाले.

शनिवार, ८ मार्च

ठोके बंद. एकही दात तुटला नाही.

रविवार, ९ मार्च

दात शाबूत. भोक भराभर खाली सरकतंय. मामा माझ्याशी बोलत नाहीत. तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसं बिट अलगद टेकवतात. साहेबांचा फोन – "शाबास!" शाबास कसली?

भावजय एवढंच म्हणाली, "फार शांत वाटतंय, ताई." मी म्हटलं, उद्या बोलशील त्याच्याशी. म्हटलं खरं!

सोमवार, १० मार्च

भोक आरपार. कॅमेरा सोडला. रिकाम्या बाटल्या, एक बूट. माणूस एकही नाही. भिंतीवर कोळशाने काढलेला बाण – पाणी भरलेल्या जुन्या बोगद्याकडे. खाली धाकट्याचं अक्षर: "ठोके थांबले. आता कोणी येत नाही. निघालो."