वर्षालीचा नंबर

आकुर्डी, मंगळवार

प्रिय दिपालीस,

मी मजेत आहे. मेसचं वरण सोडलं तर तक्रार नाही. पोरांना ईमेल शिकवणारा मास्तर बायकोला पत्र लिहितो, हस खुशाल. पण फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि हे आपल्या लेकीने, ओवीने ऐकायला नको.

शाळेत एका कॉम्प्युटरपुढे तीन मुली बसतात, माउस आळीपाळीने घेतात. त्यांतली वर्षाली दिवाळीत तापाने गेली. आज उरलेल्या दोघी हात मांडीवर ठेवून गप्प बसलेल्या. मी म्हटलं, "मुहूर्त बघताय का गं?"

"नाही सर," पिंकी म्हणाली, "आता वर्षालीचा नंबर आहे."

कुणी हात न लावल्याने स्क्रीन काळी होईपर्यंत त्या थांबल्या, मग पिंकीने माउस घेतला.

आईचे गुडघे कसे आहेत? ओवीचा ताप अजून अधूनमधून येतो, पण साधाच आहे, असं तू म्हणतेस. वर्षालीची आईही मला तेच म्हणाली होती. ओवीचं रक्त तपासून घे.

आणि माझा फोन ओवीलाच उचलू दे. रिंग लांबली की ती काळी स्क्रीन दिसते.

तुझाच,
ज्ञानेश