बुखाऱ्याच्या वकिलाचा चेहरा

आदरणीय बिहारीमामांच्या चरणी आग्र्याहून भाचा हरनंद चितारी याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन ठणठणीत. आपली कंबर कशी आहे? ग्वाल्हेरच्या बाजारात अत्तर खपतंय ना? मामीला नमस्कार. आणि मिशीला अजून मेंदी लावता ना? (सहज विचारलं.)

मामा, ताईच्या लग्नात भर पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, की हरनंदला घोड्याच्या पायाखालच्या गवतापलीकडे काही येत नाही. तेव्हा माझ्या पानात इमरती होती म्हणून मी गप्प बसलो. आता मात्र नीट टेकून बसा. तुमचा भाचा बादशाही चित्रशाळेत चेहरे रंगवतो! आमच्यात एकजण रेषा आखतो, दुसरा कपडे रंगवतो आणि चेहरा मात्र खाशा माणसाकडे जातो. (गवत उरेल त्याच्याकडे. ते दिवस गेले.)

झालं असं, की बुखाऱ्याच्या राजाचा दूत म्हणून तुर्सून बेग नावाचा वकील दरबारात आला आणि त्याची तसबीर काढायचा हुकूम सुटला. बिचाऱ्याने जन्मात आंबा पाहिला नव्हता. इथे त्याने टोपल्याच्या टोपल्या रिकाम्या केल्या आणि तोंडभर गळवं उठली. तेव्हापासून तो शालीत तोंड गुंडाळून बसला आणि चिताऱ्यांना दारात उभं करू नका म्हणाला. त्याआधी दरबारात यायचा तो वाकून मुजरे करत आणि जायचा तोही वाकूनच, त्यामुळे बादशहांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी पाहिली होती ती फक्त त्याची टोपी. चित्र तयार झालं, जरीचा झगा झाला, कमरेचा खंजीर झाला, आणि टोपीखाली अंड्याएवढी कोरी जागा उरली. चेहरे काढणाऱ्या उस्ताद बाकरांनी रंग ओळखला आणि पोटदुखीचं निमित्त करून घर गाठलं. चित्रशाळेचा दारोगा माझ्याकडे वळून म्हणाला, "हरनंद, जमलं तर चेहरेवाल्यांत बसशील. नाही जमलं तर मरेपर्यंत गवत!"

घाबरेल तो तुमचा भाचा कसला? मागे तुम्ही आमच्याकडे जेवून ओसरीवर घोरत होतात, तेव्हा हात साफ करायला मी तुमच्या चेहऱ्याचा खाका काढून ठेवला होता. हरणाच्या पातळ कातड्यावर सुईने भोकं टोचून उतरवलेला, अगदी जिवंत. तो त्या कोऱ्या जागेवर ठेवला, वरून कोळशाची पूड फिरवली आणि टोपीखाली तुम्ही अवतरलात! डोळे तेवढे उघडले. मामा, काय रुबाब दिसत होता तुमचा!

बादशहांनी पाहिलं आणि म्हणाले, हुबेहूब. मग काय, अख्ख्या दरबाराला ते हुबेहूब वाटलं. वकिलाकडे चित्र पाठवलं, तर तो आरशाकडे पाठ करून कितीतरी वेळ ते बघत बसला आणि गहिवरून म्हणाला, "आंबे खायच्या आधी मी अस्साच होतो हो!" मला शाल मिळाली, चेहरेवाल्यांत बसायला जागा मिळाली. उस्ताद बाकरांचं पोट आता खरंच दुखतंय. तेव्हा पुढच्या पंगतीत बोलताना जरा जपून, एवढंच म्हणणं. कळावे, लोभ आहेच, तो वाढवावा.

आपला भाचा,
हरनंद (चेहरेवाला)

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. तो तुर्सून बेग निरोप न घेता पसार झाला, आणि जाताना बादशहांचा लाडका बहिरी ससाणा घेऊन गेला. बादशहा फार चिडलेत. माझ्या चित्राच्या नकला सगळ्या चौक्यांवर गेल्या आहेत, ग्वाल्हेरलाही. तरी पत्र पोचताच मिशी काढून टाकावी.

पुन्हा ता. क. मिशी काढू नका. फरारी माणूस पहिल्यांदा मिशीच काढतो, असं कोतवालाच्या डोक्यात आलं आणि त्याने बिनमिशीची नक्कलही करवून घेतली. मीच काढली. खोटं कशाला बोलू, ती तर तुमच्याशी जास्तच जुळते.

अगदी शेवटचं. पकडलंच तर मामीला रडू देऊ नका आणि तुम्हीही उगाच अत्तराच्या गोष्टी सांगू नका. वकील म्हणून ताठ उभे राहा. तुम्ही वकील नाही असं ठरलं, तर माझं चित्र खोटं ठरेल आणि मी पुन्हा गवतात. तुम्हाला ओळखायला चौकशीत मलाच बोलावतील, त्याची काळजी नको. मी तुम्हाला लगेच ओळखीन, तुर्सून बेग म्हणून.