दोन पानांमधला साहू

मंगळवार, संध्याकाळ

उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातल्या कामगारांची यादी मी वेबसाइटवर टाकली. आडनावाच्या क्रमानं, एका पानावर वीस नावं. पण इथं साहूच किती! आडनाव सारखं असलं की पान बदलताना त्या नावांचा आपसातला क्रमही बदलू शकतो, हे मी तपासलंच नाही. एक साहू दोन्ही पानांवर आला आणि रामेश्वर साहू कुठंच नाही. आज यादीत नाव नाही म्हणून त्याला गेटवरून परत पाठवलं.

"दीदी, मैं हूँ कि नहीं?" त्यानं फोनवर विचारलं.

बाबा म्हणाले, "काहून घाबरून राहिली? सायबाले सांग, माही चूक आहे म्हणून."

नोकरी गेली तर? घरातली पहिली पदवीधर मी.

क्रम ठरवायला आडनावानंतर हजेरी नंबरही जोडला. तो प्रत्येकाचा वेगळा. मग साहेबांना लिहिलं: चूक माझी, रामेश्वरची आजची हजेरी लावा. दुसरं पान पुन्हा उघडलं. रामेश्वर आहे.