कंदील खाली ठेवेपर्यंत

१४ जानेवारी, मंगळवार

विसरलीस ना, वहे? वाटलंच मला! काल माझ्या नातीने, नेटाने, तुला मिटून फडताळात ठेवलं आणि आज उघडून मलाच विचारते, "आजी, कुठवर आलो होतो गं?" म्हणजे लिहिणाऱ्या नातीलाही आठवत नाही आणि जिच्यात लिहिलं त्या वहीलाही. मला एक अक्षर येत नाही. चौऱ्याऐंशी वर्षं सगळं डोक्यात वागवतेय — या पिंचर्स आर्म गावातल्या प्रत्येक होडीचं नाव, प्रत्येक बुडालेल्याचं वय. तू काय, ओली झालीस की संपलीस.

तर पुन्हा सांगते. लिअँडर पाइकला मी सोडणार नाही.

१५ जानेवारी

नेटा म्हणते, कारण पण लिहायला हवं. लिही.

लिअँडर आमच्याच गावचा, सेंट जॉन्स शहरात शिकायला गेलेला. बारा वर्षांपूर्वी गोष्टी टेप करून घ्यायला आला आणि अख्खा हिवाळा माझ्या स्वयंपाकघरात बसला. "फीनीमावशी, आणखी एक गोष्ट सांग. फीनीमावशी, आणखी एक तुकडा दे." दोन्ही पोटभर दिलं. पावाच्या कडेचा कडक तुकडा त्यालाच लागायचा, वर काकवी ओतून. त्याच हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला, तापात बरळत होते, तेव्हा आठ दिवस चूल त्यानेच पेटती ठेवली. हेही लिही. सूड घ्यायचाय, खोटं बोलायचं नाहीये.

आता त्या गोष्टींचा त्याने खेळ केलाय. फासे नाहीत, पत्ते नाहीत, कुणी जिंकत नाही की हरत नाही. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, मधे कंदील. ज्याच्या हातात कंदील, तो बोलणार. तो बोलेल ते खेळात घडलं! बाकीच्यांनी 'नाही' म्हणायचं नाही. त्याने कंदील खाली ठेवला की दुसऱ्याने उचलायचा. एवढंच. आणि त्यापायी लोक खुळे झालेत — हॅलिफॅक्स, टोरोंटो, समुद्रापलीकडे आयर्लंडातसुद्धा.

खेळातलं गाव आमचं. बंदर आमचं. आणि त्यात एक बाई आहे, काळी ड्रुसी. वादळाच्या संध्याकाळी होड्यांना वाट दाखवणारा, खडकाच्या टोकावरचा कंदील मुद्दाम न लावणारी. पाच माणसं बुडवणारी.

ड्रुसिला माझ्या आईचं नाव.

१९ जानेवारी

हवा: वायव्येचा वारा, बर्फ. जेवण: वाटाण्याचं सूप.

दुसरंच काहीतरी सांगायचं होतं. नेटा पेन घेऊन बसली आणि मी हवा सांगितली.

२ फेब्रुवारी

नाताळच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये त्या खेळाचं एक टेबल होतं. आता सात! एवढ्या थंडीत बोटीने लोक येतात, टोकावर जाऊन फोटो काढतात. आज एका पोरीने दार वाजवलं, गळ्यात चित्रातली ड्रुसी लटकवलेली — नाक माझ्या आईचं नाही, एवढं एक बरं.

"ड्रुसी इथंच राहायची का हो?"

"अजून राहते," म्हटलं. "बूट काढून ये. चिखल आणणाऱ्यांना खाते ती."

धूम पळाली. मी खूप हसले. मग दार लावून तिथेच उभी राहिले.

आई तीस वर्षं चर्चमध्ये एकटी बसायची. शेजारच्या बाकावरसुद्धा कुणी नाही. दुकानात ती आली की बायका गप्प. त्या संध्याकाळी कंदील लावायचा राहिला, माझे बाबा, त्यांच्या होडीतले तिघे आणि जोब पाइक, असे पाच गेले. गावाने आईला धरलं. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. मला वाटलं होतं, ते सगळं त्या म्हाताऱ्या बायकांबरोबर मातीत गेलं. लिअँडरने उकरून जगभर वाटलं.

९ फेब्रुवारी

नेटाकडून नियम ऐकले. तिने पुस्तिका दोनदा वाचली, मला पाठ झाली.

"कंदील किती वेळ धरायचा?" मी विचारलं.

पानं चाळली. "तसं काही दिलेलं नाही. लोक दोन-चार मिनिटं बोलतात, मग सुचत नाही. ठेवतात खाली."

"दिलेलंच नाही?"

"नाही गं. का?"

अस्सं! लिअँडरबाबा, शिकलेल्या माणसांसाठी नियम केलेस तू. ज्यांचं लवकर संपतं.

१६ फेब्रुवारी

शनिवारी तो स्वतः येतोय हॉलमध्ये. पांढरा ब्लाउज इस्त्री करून ठेव म्हटलं नेटाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हात अजून दुखतोय. पण काय सांगू!

दोन वाजता गेलो. सातही टेबलं भरलेली. लिअँडर उठून आला, मिठी मारली. "फीनीमावशी! तू खेळणार?"

"का रे? गोष्टी माझ्या आणि परवानगी तुझी लागते?"

"तसं नाही गं. खेळात कोण होणार तू?"

"ड्रुसी."

तो जरा चाचरला. "ड्रुसी कुणी होत नाही, मावशी. तिच्याबद्दल नुसतं बोलायचं असतं."

"ठाऊक आहे मला. तीस वर्षं पाहिलंय."

कंदील उचलला. आधी आईचं लग्न सांगितलं, मग तिची होडी, तिचे खारवलेले मासे, तिचा तो लंगडा बोकड. लोक हसत होते. तीन वाजता चहा आला — एका हाताने प्यायले. हात भरून आला की कंदील मांडीवर घ्यायचा. खाली नाही! बाकीची टेबलं खेळ सोडून आमच्याभोवती जमली. चार वाजले. लिअँडर घड्याळ बघायला लागला. "मावशी, दमली असशील."

"मी बाळंतपणंसुद्धा याहून लांब केलीत. बस खाली."

मग वादळ आणलं. म्हटलं, टोकावरचा कंदील लागलेला होता. ड्रुसीने स्वतः लावला होता. पुढची होडी जोब पाइकची — लिअँडरच्या आजोबांची. मागे माझ्या बाबांची. जोब रम पिऊन तर्र. उजेड दिसत असून त्याने होडी खडकाकडे वळवली, मागच्यांना घेऊन गेला.

लिअँडर पांढराफटक. त्याने तोंड उघडलं तर टोरोंटोहून आलेली एक पोरगी म्हणते, "अहो, 'नाही' म्हणायचं नाही. नियम तुमचाच!"

तेव्हा मी कंदील खाली ठेवला. साडेपाच झाले होते. टाळ्या!

आई, सोडवलं गं तुला.

१ मार्च

कुणीतरी फोनवर माझं बोलणं धरलं होतं. ते आता सगळीकडे फिरतंय. नेटा म्हणते, नवीन टेबलांवर लोक तसंच खेळतात. काळी ड्रुसी गेली, 'दारुडा जोब' आला. हॉलमध्ये त्याचं चित्रसुद्धा लागलंय, नाक लाल.

दुकानात लिअँडरचा बाप ऑल्बन दिसला. जोब गेला तेव्हा चार वर्षांचा होता तो. माझ्याकडे बघितलं नाही, हातातलं सामान तसंच ठेवून निघून गेला. जा! माझ्या आईकडे कुणी बघत होतं?

४ मार्च

पाव फसला. पीठ फुगलंच नाही. असं कधी झालं नव्हतं.

८ मार्च, शनिवार

सकाळी लिअँडर आला. मी तोंडाला धार लावून बसले होते. तो सरळ आत आला. टेप टेबलावर ठेवली आणि लावली.

माझाच आवाज. बसलेला, मधे खोकला. तो न्यूमोनियाचा हिवाळा.

"कंदील लावायचं काम माझं होतं, लिअँडर. नऊ वर्षांची होते. डबक्यावर बर्फ धरला होता, घसरत खेळत बसले. विसरले. आई म्हणाली, विसरले ती मीच, असं गावाला समजू दे, तू गप्प राहा. जोब पाइक धक्क्याला सुखरूप लागला होता रे. माझ्या बाबांसाठी परत फिरला तो. हे कुठं घालू नकोस."

नेटाचं पेन थांबलं. थांबू नकोस, लिही.

हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, असं आजवर समजत होते. तुलासुद्धा नाही, वहे. आणि त्याला सांगून बसले होते. सांगितल्याचं विसरले.

"कुणीतरी कंदील विसरायला हवंच होतं गोष्टीत," तो म्हणाला. "गाव तुझ्या आईचंच नाव घ्यायचं. तुझं मी घालणार नव्हतो, मावशी. पण तिला 'काळी' मी केली. 'मुद्दाम' मी घातलं. ते चुकलं माझं."

टेप माझ्यापाशी ठेवून गेला. जोबबद्दल एक शब्द काढला नाही.

९ मार्च

शनिवारी हॉलमध्ये पुन्हा कंदील उचलणार. या वेळी खरं सांगायचंय, दोन मिनिटं पुरतील. नेटा, डोळे पूस, पीठ मळायला घे. आज फुगेल. दोन्ही कडांचे तुकडे आणि काकवीची बरणी लिअँडरला धाड. बाकी सगळा पाव ऑल्बनकडे, गरम असतानाच.