चादरीच्या कडेची बोटं

गोपिका,

टोपलीत पोळ्या आहेत. जाड झाल्या, पण खाऊन घे.

किटल्यांचे फोटो उद्या सकाळी सीताबर्डीच्या दुकानात द्याचे आहेत. तुह्या आईची तेरवी होईपर्यंत दुकानदार थांबला, आता थांबत नाही.

कालच्या प्रिंटमध्ये मागची चादर राखेसारखी आली अन् किटली तिच्यातच बुडाली. आज काळं-पांढरं ठळक काढणारा कडक कागद घे, म्हणजे किटली उठून दिसंन. पण नुसत्या कागदानं भागणार नाही. निगेटिव्हवर चादरीची जागा लाल रंगानं झाकून टाक, तेवढं प्रिंटमध्ये कोरं पांढरं येते.

उजव्या कडेले तुह्या आईची चार बोटं दिसतात. त्या दिवशी भिंतीचा खिळा निघाला, म्हणून तिनंच मागं उभं राहून चादर धरली होती. दुकानदार म्हणते, बोटं नको. मी सकाळपासून तीनदा ब्रश उचलला, माह्या हातून होत नाही. तूच झाक.

त्याच्या आधी एक प्रिंट बोटांसकट काढून ठेव. फोटोवाल्याच्या घरात तेरवीले हार घालाले तिचा धड एक फोटो सापडला नाही.

मी चौकट आणाले चाललो.

बाबा